अनुभव कुणाचा मोजला जातो?

राजस्थान सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यभरच्या नगरपालिका-महापालिकांसाठी 23,820 सफाई कर्मचाऱ्यांची भरती काढली. शिक्षणाची अट नव्हती. मुख्य अट होती सफाईच्या कामाच्या किमान एक वर्षाच्या अनुभवाची, आणि तो अनुभव दाखल्याने सिद्ध करण्याची. वरवर पाहिलं तर ही अट वाल्मिकी समाजाच्या बाजूची वाटते. जयपूरच्या जुन्या शहरातल्या गल्ल्या पहाटे कोण झाडतं, हे काय कुणाला ठाऊक नाही? ज्याच्या हातात आयुष्यभर झाडू आहे त्यालाच झाडूची पक्की सरकारी नोकरी मिळणार, असं कुणालाही वाटेल.

पण दाखला देणार कोण? वर्षानुवर्षं ठेकेदाराकडे राबणाऱ्या माणसाचं नाव बहुतेक वेळा हजेरीपटावर नसतं. पगार रोखीने मिळतो, पीएफचा पत्ता नसतो, ठेका बदलला की जुना ठेकेदार ओळखही देत नाही. त्याच्याकडे अनुभव असतो, कागद नसतो. आणि ज्याने उभ्या जन्मात रस्ता झाडला नाही, पण ज्याची कार्यालयात ओळख आहे, त्याच्याकडे कागद येतो. अनुभवाच्या बनावट दाखल्यांच्या तक्रारी इतक्या आल्या की ही भरतीच रद्द झाली.

त्याआधी 2018 साली 21,136 जागा भरल्या गेल्या, त्या सोडतीने. तेव्हापासून जयपुरातल्या सफाई कामगारांची एक तक्रार थांबलेली नाही. सफाई कर्मचारी म्हणून लागलेले इतर जातींतले अनेक जण रस्त्यावर दिसतच नाहीत. कुणी कार्यालयात फायली सांभाळतो, कुणी संगणकावर बसतो, कुणी साहेबाच्या बंगल्यावर असतो. पगार सफाईचा, काम टेबलाचं. या शहरात कामगारांनी त्यासाठी संप केले, परकोट्यात कचऱ्याचे ढीग साचले, वर्तमानपत्रांनी दुर्गंधीचे फोटो छापले. संपकऱ्यांची मागणी काय होती, ते मात्र कोपऱ्यात दोन ओळींत आलं.

यातली एक गोष्ट नीट बघा. फायलींचं काम करायला त्या सफाई कर्मचाऱ्याला कुणी विचारलं का, की बाबा, तुला कार्यालयीन कामाचा अनुभव आहे का? नाही विचारलं. त्याची जात बघून खुर्ची पुढे केली. वाल्मिकी मुलगा बीए करून, टायपिंग शिकून त्याच खुर्चीसाठी अर्ज करतो तेव्हा मात्र पहिला प्रश्न हाच असतो: अनुभव किती?

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे नोकरीच्या मुलाखतीत 'अनुभव' हा शब्द कामाबद्दल फार कमी बोलतो आणि जन्माबद्दल फार जास्त. कुणाचा अनुभव मोजायचा, कुणाचा माफ करायचा आणि कुणावर तो जन्मतःच लादायचा, हे जात ठरवते. जाहिरातीत मात्र ती अट सगळ्यांना सारखी दिसते.

मी मूळची विदर्भातली. गेली काही वर्षं जयपुरात नोकरीच्या निमित्ताने मुलाखतीच्या मंडळावर बसते. नव्या, अनुभव नसलेल्या उमेदवारांच्या मुलाखती कशा होतात हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने बघते. एका खासगी आस्थापनेत भांडार सांभाळणाऱ्या सहायकाची जागा होती. माल आला-गेला लिहायचा, शिल्लक मोजायची, पावत्या जुळवायच्या. दोन मुलं शेवटपर्यंत टिकली. दोघंही बीकॉम, दोघांनीही भांडारात कधी काम केलेलं नाही. पहिल्याला सहकाऱ्याने विचारलं, "पिताजी क्या करते हैं?" तो म्हणाला, काकांचं कपड्याचं दुकान आहे, सुट्टीत तिथे बसतो. सहकारी खूश. लगेच शेरा लिहिला: व्यापाराची समज घरातून आलेली. दुसऱ्यालाही तोच प्रश्न. त्याने सांगितलं, वडील महापालिकेत सफाईला आहेत. मग काही क्षण कुणी बोललं नाही. त्यानंतर प्रश्न आला: या क्षेत्राचा काही अनुभव?

त्या दुसऱ्या मुलाने कॉलेज करता करता तीन वर्षं वडिलांच्या जमादाराची वही लिहिली होती. कोण आलं, कोण गैरहजर, किती झाडू आले, किती तुटले, ब्लीचिंग पावडरच्या किती गोण्या उरल्या, सगळं. हे त्याने स्वतःहून सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा सांगितलं, तेही ओशाळत. भांडार सांभाळणं याहून वेगळं काय असतं? मी तसं मांडलं. उत्तर आलं, "मॅडम, वो अलग चीज़ है." काय अलग आहे, ते सांगायची गरज कुणाला वाटली नाही. जागा दुकानात बसणाऱ्याला गेली.

याला कुणी एखाद्या मंडळाचा दुराग्रह म्हणेल. तसं नाही. 2007 साली सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना त्यांनी 4,808 अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा: एक सवर्ण हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाची एक तृतीयांश. मुलाखत अजून झालीच नव्हती. उमेदवार तोंड उघडण्याआधीच छाननी पार पडली होती.

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या 25 मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. अधिकारी म्हणत, आम्ही फक्त गुणवत्ता बघतो. आणि त्याच दमात सांगत, उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारतो, कारण चांगल्या घरातला माणूस चांगला निघतो. दोन्ही विधानांत त्यांना काही विसंगती दिसत नव्हती. जात कुणी विचारली नाही. वडील काय करतात, भाऊ-बहिणी किती, घर कुठल्या वस्तीत, एवढं विचारलं की जात आपोआप टेबलावर येते.

नवख्या उमेदवाराच्या बाबतीत हा खेळ सगळ्यात सोपा होतो. अनुभवी माणसाकडे निदान दाखवायला काहीतरी असतं. हे काम केलं, एवढी वर्षं केलं, या साहेबाला विचारा. ज्याच्याकडे ते नाही त्याच्या बाबतीत मंडळाला अंदाज बांधावा लागतो. आणि अंदाज बांधताना माणूस आपल्या ओळखीचं काही शोधतो: आपल्यासारखं बोलणं, आपल्यासारखं आडनाव, आपल्या कॉलनीतलं घर. त्याला मग 'आत्मविश्वास' म्हणतात, 'स्पार्क' म्हणतात, 'शिकून घेईल' म्हणतात. म्हणजे दोन नवख्यांपैकी एक 'शिकून घेईल' आणि दुसऱ्याला 'अनुभव नाही'.

अनुभव माफ करायची सोय वरच्यांसाठी जागोजागी आहे. जयपूरचा जोहरी बाजार घ्या. रत्नांना पैलू पाडणारे कारागीर बहुसंख्येने मुस्लिम, बोटं झिजेपर्यंत सहाणेवर बसलेले. गादीवर बसणारे व्यापारी मोठ्या प्रमाणात जैन-बनिया घरांतले. गादीवर बसायला आलेल्या विशीतल्या मुलाला कुणी अनुभव विचारतं का? त्याला 'घराण्याचा धंदा' म्हणतात. कारागिराच्या मुलालाही घराणं आहे, त्याच्या हातात तर खरं कसब आहे. पण ते कसब त्याला गादीपर्यंत कधी नेत नाही.

दिल्लीकडे बघा. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने सहसचिव, संचालक, उपसचिव अशा 45 जागांसाठी थेट भरतीची जाहिरात काढली. आरक्षण नाही. ज्यांनी सरकारी सेवेत एक दिवस काढलेला नाही तेही चालतील. इथे सरकारी कामाचा अनुभव नसणं हा दोष नव्हता, तो गुण होता: बाहेरचा माणूस नवी दृष्टी आणतो म्हणे. ओरड झाली आणि जाहिरात काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. पण त्यामागचा विचार कागदावर राहिला. वर बसवायचं असेल तर बाहेरचा माणूस ताजा असतो. खाली, साध्या लिपिकाच्या खुर्चीसाठी आलेला बाहेरचा माणूस 'कच्चा' असतो.

आता याची दुसरी बाजू. या देशात एक काम असं आहे की जिथे मुलाखतीत कुणी अडखळत नाही. आपल्या महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. 24 फेब्रुवारी 2023 च्या शासन निर्णयाने ती तरतूद पुन्हा एकत्र मांडली. या तरतुदीवर मी टीका करणार नाही. ठेकेदारीने सगळं गिळलं असताना हजारो घरांची चूल त्यावर पेटते, आणि ती नोकरी हक्काने मागणाऱ्याला 'जातीच्या कामाला चिकटून राहता' असं सुनावण्याचा अधिकार एसीत बसलेल्यांना नाही. जयपूरच्या वाल्मिकी कामगारांची प्राधान्याची मागणीही मला म्हणूनच रास्त वाटते. पक्का पगार येईपर्यंत ज्यांनी मैला उपसला, पगार येताच त्यांना रांगेत मागे ढकलायचं, हा न्याय नाही. पण आपली व्यवस्था वारसा कुठे मान्य करते हे तरी बघा. झाडूचा वारसा चालतो. त्याच घरातली मुलगी स्वच्छता निरीक्षक व्हायला गेली की वारसा संपतो आणि अनुभवाची विचारणा सुरू होते.

राजस्थानच्या तुरुंगांत तर हे नियम म्हणूनच छापलेलं होतं. 1951 च्या तिथल्या कारागृह नियमांत बाहेर ज्याचं काम जातीच्या रिवाजाने सफाईचं, त्याला आतही सफाईच. बाकीच्यांवर त्याची सक्ती नाही, अशी तरतूद होती. स्वयंपाकघरात मात्र वरच्या जाती. पत्रकार सुकन्या शांता यांनी हे उघडकीला आणलं, राजस्थान उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि 2021 साली राज्याने नियम बदलले. पुढे 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या तुरुंगांतले असे नियम घटनाबाह्य ठरवले. पंचाहत्तर वर्षांच्या प्रजासत्ताकात कैद्याचा 'पूर्वानुभव' त्याच्या जातीवरून मोजला जात होता. आणि ज्या उच्च न्यायालयाने ही दखल घेतली, त्याच्याच जयपूरच्या आवारात 1989 पासून मनूचा पुतळा उभा आहे. तो हटवायचं ठरलंही होतं, पण ते प्रकरण त्याच न्यायालयात अडकलं. ऑक्टोबर 2018 मध्ये औरंगाबाद भागातून गेलेल्या दोन महिलांनी त्या पुतळ्याला काळं फासलं आणि अटक पत्करली. पुतळा अजून आहे. जन्मावरून काम वाटणाऱ्याचा पुतळा जिथे न्यायाच्या आवारात शोभतो, तिथे मुलाखतीच्या खोलीत तो वेगळा बसवावा लागत नाही.

जिथे अनुभव खरोखर विचारायला हवा तिथे तो विचारतच नाहीत. मे 2025 मध्ये जयपूरच्या सीतापुरा भागातल्या एका दागिन्यांच्या कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीत मजूर उतरवले. टाकीत साचलेल्या गाळात सोन्या-चांदीचे कण होते, ते काढायचे होते. चार जण गुदमरून मेले. टाकीतल्या विषारी वायूची माहिती आहे का, प्रशिक्षण झालंय का, यापूर्वी उतरला आहात का, हे विचारायची खरी जागा ती होती. सुरक्षा साधनांशिवाय असं कुणालाही उतरवायला 2013 चा कायदा मनाई करतो. पण मरणाच्या कामाला अनुभवाची अट नसते. तिथे गरज पुरते. वातानुकूलित खोलीत पावत्या जुळवायला दोन वर्षांचा अनुभव हवा आणि वायूने भरलेल्या टाकीत उतरायला काहीच नको, ही या बाजाराची गुणवत्ता.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो: अनुभव नसलेल्यांना घेतलं तर काम बुडेल. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 साली कुलकर्णी वतन बंद केलं, पगारी तलाठी नेमायचं ठरवलं, तेव्हाही हाच आक्षेप होता. पिढ्यान्पिढ्या दप्तर ज्यांच्या घरात, त्यांच्याशिवाय गावाचा हिशोब कोण ठेवणार? महाराजांनी वाट बघितली नाही. तलाठ्यांसाठी प्रशिक्षणाचे वर्ग काढले आणि अस्पृश्यांसह इतर जातींतले लोक तिथे शिकवून कामावर घेतले. अस्पृश्य समाजातल्या माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या. अनुभव आधी आणि काम नंतर, हा क्रम त्यांनी उलटा केला, कारण तो क्रम पाळला असता तर दप्तर कुलकर्ण्याच्या घरातून कधीच बाहेर पडलं नसतं. कोल्हापूर बुडालं नाही. आज त्या संस्थानाचं नाव निघतं ते त्यामुळेच.

मग करायचं काय? मुलाखत मंडळांवर बसणाऱ्या आपल्या लोकांनी, आणि आता असे लोक थोडे का होईना आहेत, काही गोष्टींचा हट्ट धरला पाहिजे.

पहिली, सुरुवातीच्या पातळीवरच्या जागांसाठी अनुभवाची अट जाहिरातीतून काढा. जे काम तीन महिन्यांत शिकवता येतं त्याला दोन वर्षांचा अनुभव मागणं म्हणजे दार लावून घेणं आहे.

दुसरी, वडील काय करतात हा प्रश्न बंद. घर कुठे आहे हा प्रश्नही बंद. उमेदवार हजर झाल्यावर पत्ता नोंदवायला कार्यालयात बाबू आहे.

तिसरी, सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक सदस्याने आपले गुण चर्चेआधी लिहून द्यायचे. चर्चा झाल्यावर लिहिलेले गुण हे मंडळातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाचे असतात.

चौथी, बोलण्याऐवजी काम द्या. भांडाराची जागा असेल तर वीस पावत्या आणि एक वही समोर ठेवा, अर्धा तास द्या. जुळवता आल्या की आल्या. तिथे आडनाव मदतीला येत नाही, इंग्रजीचा तोराही येत नाही.

पाचवी, आपल्या मुलांना त्यांचा अनुभव अनुभव म्हणून सांगायला शिकवा. ज्याने वडिलांची हजेरीवही लिहिली, जिने सकाळी चार घरांची कामं उरकून वेळेवर कॉलेज गाठलं, ज्याने वस्तीतल्या जयंतीच्या वर्गणीचा पैन् पै हिशोब मांडला, त्यांनी ते ओशाळून लपवायचं नाही. तुमच्या काकांच्या दुकानात बसणं हा अनुभव असेल तर हाही आहे, आणि हा जास्त कष्टाचा आहे.

आणि सरकारसाठी एक. सफाईच्या जागेवर लागलेला प्रत्येक माणूस, कुठल्याही जातीचा असो, रस्त्यावर हजर असलाच पाहिजे. टेबलावर माणसं कमी असतील तर टेबलाच्या जागा रीतसर काढा आणि त्यांत वर्षानुवर्षं झाडू मारणाऱ्या शिकलेल्या कामगारांना पदोन्नतीने आधी घ्या. वॉर्डात किती कचरा निघतो, कुठली गटार कधी तुंबते, किती माणसं लागतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. स्वच्छता निरीक्षकासाठी याहून मोठा अनुभव कोणता?

बाबासाहेबांनी 1936 साली दाखवून दिलं होतं की जात फक्त कामं वाटत नाही, ती माणसांनाच कप्प्यांत कोंबते आणि कप्प्यांना एकावर एक रचते. आज हे कप्पे मुलाखतपत्रातल्या एका रकान्यात मावतात. पुढच्या वेळी मंडळातला कुणी त्या रकान्यात 'अनुभव नाही' असं लिहायला लागला, तर त्याचा पेन तिथेच थांबवा आणि विचारा: कुठला अनुभव नाही, तुझ्या जागेवर तू आलास तेव्हा तुला तो होता का, आणि नव्हता तर तुला कुणी आणि काय बघून घेतलं? उत्तर मंडळाच्या इतिवृत्तात लिहून घ्या.